रोडचं पॉवर मीटर मातीत नेताना

पॉवर मीटर पेडलांची खरी भुरळ वॅटची नसते, सोयीची असते. क्रँकमध्ये किंवा स्पायडरमध्ये बसवलेलं मीटर त्या एका सायकलचंच होऊन राहतं. पेडल मात्र आठ नंबरच्या ॲलन कीने पाच मिनिटांत काढावं, दुसऱ्या सायकलला लावावं आणि निघावं. घरात एक रोड बाइक, एक ग्रॅव्हल आणि गॅलरीत एक जुनी एमटीबी असली की हा हिशोब डोक्यात घर करतोच. पैसे एकदाच घालायचे आणि तिन्ही सायकलींवर आकडे मिळवायचे.

अडचण येते ती पायाशी. रोडच्या पेडलाला तीन बोल्टांची प्लॅस्टिकची क्लीट लागते. ती बुटाच्या तळव्याखाली चांगली बोटभर बाहेर येते. गुळगुळीत डांबरावर ठीक आहे, पण पुण्यातल्या वेताळ टेकडीवर एखादा दगडी टप्पा सायकल उचलून चढायचा झाला की त्या क्लीटवर माणूस तेल सांडलेल्या फरशीवर असल्यासारखा घसरतो. शिवाय बेसॉल्टवर चार पावलं टाकली की प्लॅस्टिक झिजतं, आणि चिखल भरला की क्लीट पेडलात बसतच नाही. म्हणून मातीत दोन बोल्टांची एसपीडी. शिमानोने 1990 साली ही पद्धत आणली. क्लीट धातूची आणि छोटी असते, बुटाच्या खाचेत लपलेली असते, आणि बहुतेक एसपीडी पेडलांच्या दोन्ही बाजूंनी पाय अडकवता येतो. एवढ्या वर्षांत तिच्यात मुळापासून बदलावं असं कुणाला फारसं काही सापडलेलं नाही, यावरून काय ते समजा.

पॉवर मीटर पेडलं बनवणाऱ्या कंपन्या मात्र बराच काळ रोडमध्येच रमल्या होत्या. गार्मिनचं व्हेक्टर 2013 मध्ये बाजारात आलं, तेही रोडच्याच क्लीटसाठी. त्याच कंपनीचं एसपीडीवालं रॅली एक्ससी यायला 2021 उजाडलं. फॅव्हेरोचं असिओमा प्रो एमएक्स 2024 मध्ये आलं. मधल्या काळात मातीतल्या लोकांनी काय करायचं? जुगाड. आणि आता कारखान्यात बनलेली एसपीडी मीटरं मिळत असली तरी जुगाड संपलेला नाही. कारण ज्यांच्याकडे रोडची जुनी पेडलं पडून आहेत, किंवा ज्यांना ती कुणी स्वस्तात देतंय, त्यांना नवी जोडी घेणं जिवावर येतं. मलाही आलं होतं.

जुगाडामागचं तत्त्व सरळ आहे. पेडलाचा मेंदू असतो तो स्पिंडलमध्ये, म्हणजे क्रँकला लागणाऱ्या दांड्यात. आपण पेडल दाबतो तेव्हा दांडा केसाच्या अंशाएवढा वाकतो. त्याला चिकटवलेल्या स्ट्रेन गेजना तो ताण कळतो. ताण आणि क्रँकची लांबी यांवरून टॉर्क निघतो, त्याला फिरण्याच्या वेगाने गुणलं की वॅट. बाहेरची बॉडी, जिच्यात क्लीट अडकते, ती मोजणीच्या दृष्टीने नुसतं कवच. मग रोडची बॉडी काढून त्या जागी एसपीडीची चढवली तर काय बिघडलं?

काही ठिकाणी खरंच काही बिघडत नाही. गार्मिन तर आपल्या रॅली मालिकेसाठी बॉडी बदलायचं किट स्वतःच विकते. फॅव्हेरोचं ड्युओ-शी हे नुसतं स्पिंडल शिमानोच्या रोड बॉडीत घालण्यासाठी काढलेलं. शिमानोच्या काही एसपीडी बॉडींची आतली रचना तशीच आहे हे लोकांच्या लवकरच ध्यानात आलं, आणि कंपनीने न सांगितलेला तो रस्ता जगभर रुळला. मीही असाच एक जुगाड केला. तो यांपैकी कोणत्या पेडलावर, हे सांगत नाही. ज्या कंपनीने असं करा म्हटलंच नव्हतं, तिच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही.

पानशेतच्या पलीकडे धरणाच्या कडेने एक कच्चा रस्ता जातो. बारीक खडी, मधूनमधून बैलगाडीच्या चाकोऱ्या, फार अवघड काहीच नाही. एका छोट्या उतारावर उजवा पाय अचानक हलका झाला. खाली पाहिलं तर बुटाखाली पेडल होतं आणि क्रँकला नुसता दांडा. बॉडी दांड्यावरून सरळ सुटून आली होती. वेग कमी होता, डावा पाय टेकला आणि थांबले. खरी गंमत पुढे. बुटाखाली पेडल घेऊन एक पाय उंच, एक पाय खाली असं चालणं म्हणजे तमाशाच. बरं, क्लीट सोडवायची तर पेडल एका जागी धरावं लागतं. एरवी ते काम क्रँक करते. मी बांधावर बसून बूट काढला, बॉडी गुडघ्यांत घट्ट धरली आणि बूट दोन्ही हातांनी पिळला तेव्हा कुठे ती सुटली. स्प्रिंग किती घट्ट ठेवली होती हे त्या दिवशी मनगटाला कळलं. दांड्यावरच्या ग्रीसला तोवर धूळ चिकटली होती, आणि बॉडीच्या तोंडाशी आट्यांमधून ॲल्युमिनियमचा चकचकीत भुगा बाहेर आला होता.

आमच्या पेठेतल्या सायकलवाल्या काकांनी पॉवर मीटर हा प्रकार पहिल्यांदाच हातात घेतला होता. त्यांना वॅटशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणूनच त्यांना ते लगेच दिसलं असावं. त्यांनी आधी मूळ रोड बॉडी दांड्यावर चढवली आणि दांडा धरून ठेवणारी कॉलर फिरवताना तोंडाने मोजत गेले. मग एसपीडीची बॉडी घेतली आणि परत मोजलं.

“ताई, जुनी बॉडी सहा फेऱ्या घेतीये. ही साडेतीनला थांबतीये.”

“पण घट्ट तर बसली होती, काका.”

“घट्ट बसली, पूर्ण नाही बसली. आतल्या सीलवर जाऊन टेकतीये. तुम्हाला वाटतंय आटा संपला.”

सगळी गोष्ट एवढीच होती. नवीन बॉडीचं तोंड थोडं उथळ होतं. कॉलर सीलच्या ओठावर टेकत होती, पान्ह्याला घट्टपणा लागत होता, आणि सगळा भार साडेतीन आट्यांवर होता. डांबरावर ते कदाचित वर्षभर टिकलं असतं. खडीच्या सततच्या थरथरीने ते सुटलं.

म्हणून पहिला सल्ला काकांचाच. मूळ बॉडी काढतानाच फेऱ्या मोजा आणि कागदावर लिहा. नवी बॉडी चढवताना परत मोजा. एखाद्या पाव फेरीचा फरक चालेल, फेरीभराचा नाही. व्हर्निअर असेल तर त्याच्या मागच्या दांडीने दोन्ही बॉडींची आतली खोली मापून घ्या, पुढचे सगळे तर्क वाचतात. दुसरं, आट्यांची दिशा. क्रँकला लागणारं डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे बहुतेकांना माहीत असतं. पण शिमानो पद्धतीच्या बॉडीत दांडा धरून ठेवणाऱ्या कॉलरचं नेमकं उलट असतं, तिथे उजव्या बाजूची कॉलर उलट्या आट्यांची. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की ती सुटते. हे ठाऊक नसलेला माणूस ‘सैल होत नाही’ म्हणून आणखी जोर लावतो आणि आटा खाऊन टाकतो. शिमानो या कॉलरसाठी 10 ते 12 न्यूटन-मीटर सांगते. हाताचा अंदाज इथे कामाचा नाही, टॉर्क रेंच कुणाकडून तरी मागून आणा. आणि शेवटी कॉलर आणि बॉडी यांच्यावरून नेलपॉलिशची एक रेघ ओढा. सुरुवातीच्या फेऱ्यांनंतर रेघ तुटलेली दिसली की कॉलर सरकतेय असं समजायचं. पेंट पेन शोधत बसायची गरज नाही. लाल रंग घ्या, धुळीतून दिसतो.

बॉडी नीट बसली, सुटत नाही, आता झालं असं वाटतं. इथून पुढचा त्रास हळूहळू कळतो, आणि तो गुडघ्यात कळतो.

पेडल क्रँकपासून किती बाहेर येतं याला पेडलाचा क्यू-फॅक्टर म्हणतात. क्रँकच्या बाहेरच्या पृष्ठापासून पेडलाच्या मध्यापर्यंतचं हे अंतर नेहमीच्या पेडलांत 52 ते 55 मिमी असतं. वर उल्लेख केलेल्या ड्युओ-शीचं आहे 65. कारण इलेक्ट्रॉनिक्सला जागा लागते आणि ती क्रँक आणि बॉडी यांच्यामध्येच मिळते. एका बाजूला साधारण 11 मिमी म्हणजे दोन्ही पाय मिळून सव्वादोन सेंटिमीटर फाकले. आता दोन्ही क्रँकच्या बाहेरच्या पृष्ठांमधलं अंतर यात धरा. शिमानोच्या रोड क्रँकमध्ये ते 146 मिमीच्या आसपास, ग्रॅव्हलच्या जीआरएक्सला 151, आणि एमटीबीच्या एक्सटीला 172. म्हणजे रुंद स्पिंडल ग्रॅव्हलवर लावलं की पायांची ठेवण एमटीबीइतकी होते. एमटीबीच्या सवयीच्या माणसाला ती खटकणारही नाही. पण तेच स्पिंडल एमटीबीवर लावलं तर 172 मध्ये आणखी 22 मिळवायचे. सहा फुटी, रुंद बांध्याच्या रायडरला हे कदाचित जमेल. माझी उंची सव्वापाच फुटांच्या आत आहे, कंबर अरुंद आहे. मला गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं, तेही फक्त लांबच्या चढांनंतर, त्यामुळे आधी सगळा दोष सीटच्या उंचीला दिला गेला.

यावर थोडा उतारा आहे. क्लीट बुटाच्या बाहेरच्या कडेकडे सरकवली की पाऊल आत येतं. पण खाचेत सरकायला जागा पाच-सहा मिमीच असते, आणि बुटाची टाच क्रँकला घासायला लागली की तिथेच थांबावं लागतं. तेव्हा जुगाड करायच्या आधी आपल्या आत्ताच्या सायकलवर पेडलाचा मध्य ते मध्य अंतर मापा, नव्याचं कागदावर काढा, आणि फरक दोन्ही मिळून सेंटिमीटरच्या वर जात असेल तर विचार करा. बाजारात पेडलाच्या दांड्याला लावायचे एक्स्टेंडर मिळतात, त्यांनी आणखी रुंद होतं. अरुंद करायला काहीच मिळत नाही.

रुंद पेडलाचा दुसरा परिणाम वळणावर दिसतो. जितकं बाहेर, तितक्या कमी कलात ते जमिनीला टेकतं. ग्रॅव्हलच्या मोठ्या वळणांत फारसा फरक नाही. टेकडीवरच्या अरुंद पायवाटेत, दोन्ही बाजूंनी दगड वर आलेले असताना, प्रत्येक मिलिमीटर मोजला जातो.

ज्या मीटरांचं इलेक्ट्रॉनिक्स दांड्याच्या आत नसून क्रँकलगतच्या डबीत असतं, त्यांचा आणखी एक प्रश्न आहे. एमटीबीच्या काही क्रँकचं टोक जाड असतं, कार्बनच्या क्रँकला वरून रबराचा बूट चढवलेला असतो. डबी तिथे घासते. पेडल हाताने फिरवून पूर्ण फेरी बघा, कुठे करकर वाजते का. कंपनीने दिलेले वायसर लावून डबी सुटी होत असेल तर ठीक, पण एकावर एक वायसर चढवत नेऊ नका. क्रँकमध्ये जाणारे आटे तेवढे कमी होतात, आणि ही बाजू निसटली तर पेडलाबरोबर क्रँकही कायमची जाते. बेसॉल्टच्या पायरीवर आपटण्याची पाळी आली तर ती डबीच आधी आपटते, हे वेगळं सांगायला नको. आत इलेक्ट्रॉनिक्स असलेली मीटरं या बाबतीत केव्हाही बरी.

आता आकड्यांकडे. इथे लोकांचा भरवसा सगळ्यात लवकर बसतो आणि तिथेच फसायला होतं, कारण चुकीचा आकडाही स्क्रीनवर बरोबर आकड्याइतकाच ठळक दिसतो.

सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त घडणारी गोष्ट म्हणजे क्रँकची लांबी. वॅट तिच्या सरळ प्रमाणात असतात. रोड बाइकवर 172.5 घालून ठेवलेलं ॲप, आणि पेडलं गेली 165 मिमीच्या ग्रॅव्हलवर: आकडा साडेचार टक्क्यांनी फुगतो. खरे 200 वॅट असतील तर 209 दिसतात. माणूस खूश होतो आणि चूक तशीच राहते. उलट 170 वर ठेवलेली पेडलं 175 मिमीच्या एमटीबीवर गेली तर जवळपास तीन टक्के कमी दिसतात, आणि मग टेकडीवर आपण दमतो फार पण वॅट निघत नाहीत असं वाटतं. पेडल हलवलं की लांबी बदलायची, मग झीरो ऑफसेट करायचा. तोही घरात नाही. डिसेंबरात पुण्यात पहाटेचं तापमान घरातल्यापेक्षा कितीतरी खाली असतं. सायकल बाहेर दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, धातू बाहेरच्या हवेला आला की मग झीरो करा.

बॉडी बदलल्यावर मोजणी बिघडली आहे का, हे पाहायला मी दोन परीक्षा घेते.

पहिली वजनाची. ठरावीक वजन पेडलाला टांगायचं, क्रँक जमिनीला समांतर, मागचा ब्रेक दाबलेला. टॉर्क किंवा बल दाखवायची सोय काही कंपन्यांच्या ॲपमध्ये आणि काही सायकल कॉम्प्युटरांत असते. वजन मात्र खरं हवं. 20 किलोची म्हणून आणलेली जिमची प्लेट गिरणीच्या काट्यावर 19.4 भरली होती, तेव्हा छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. 19.4 किलो म्हणजे 190 न्यूटन, 165 मिमी क्रँकवर 31.4 न्यूटन-मीटर. तेवढं यायला हवं. खरी मजा पट्टा सरकवण्यात आहे. आधी तो बॉडीच्या आतल्या कडेला टांगा, मग बाहेरच्या. वजन तेच आहे, क्रँकची लांबी तीच आहे, म्हणजे टॉर्क बदलायला नको. बदलत असेल तर दांड्यावर भार कुठे पडतो याला तुमचं मीटर हळवं आहे, आणि नव्या बॉडीने तो भार मूळ जागेवरून हलवला आहे. असं स्पिंडल नव्या बॉडीत वापरायचं तर आकड्यांवर भिस्त ठेवायची नाही.

दुसरी परीक्षा स्मार्ट ट्रेनरवरची. पेडल मोजतं ते पायाशी, ट्रेनर मोजतो ते साखळीच्या पलीकडे. साखळी, गिअर, जॉकी व्हील यांत दोन-तीन टक्के जातातच. म्हणून पेडलाचा आकडा ट्रेनरपेक्षा थोडा जास्तच असायला हवा. सारखा आला तरी मी भुवया उंचावते. कमी आला तर काहीतरी नक्की चुकतंय, कारण पायाने जेवढं दिलं त्यापेक्षा जास्त चाकाला मिळणं शक्य नाही. ट्रेनरसुद्धा चुकू शकतो, पण दोन्ही एकाच दिशेला तेवढेच चुकतील असं क्वचित होतं.

एका बाजूचं मीटर, म्हणजे फक्त डाव्या पेडलात मेंदू आणि उजव्याला साधं पेडल, हे स्वस्त पडतं. ते डाव्याचा आकडा दुप्पट करून दाखवतं. रोडवर ते चालून जातं. मातीत मी ते कुणालाही सुचवत नाही. दगडांतून जाताना आपण पूर्ण फेरी मारत नाही. पेडल दगडाला लागू नये म्हणून अर्धी फेरी पुढे, परत मागे, परत अर्धी पुढे असं चालतं. प्रत्येकाचा एक पाय त्यात पुढे असतो. माझा उजवा. म्हणजे जो पाय राबतो तो मोजलाच जात नाही आणि जो नुसता तोल सांभाळतो त्याची दुप्पट होते. दोन्ही बाजूंचं मीटर असलं तरी बरीचशी पेडलं पूर्ण फेरी झाल्यावरच कॅडेन्स (मिनिटाला किती फेऱ्या) आणि वॅट काढतात, त्यामुळे अर्ध्या फेऱ्यांतलं काम कित्येकदा नोंदलंच जात नाही. खडबडीत उतारावर याच्या उलट होतं, सायकल थडथडते आणि पाय स्थिर असताना कॅडेन्स उगाच दिसायला लागतो.

मग मातीत वॅटचा उपयोग काय? आहे, पण रोडवर असतो तो नाही. सिंहगडाच्या डांबरी चढावर आकडा बघत बघत चढता येतं. टेकडीवर सरासरी वॅट म्हणजे निव्वळ फसवणूक, कारण निम्मा वेळ पाय थांबलेले असतात. नॉर्मलाइज्ड पॉवर थोडी न्याय्य आहे. तीस सेकंदांच्या सरकत्या सरासरीवर ती उभी असते आणि झटक्यांना जास्त वजन देते. पण मला सगळ्यात उपयोगी पडला तो टॉर्क. 250 वॅट 90 कॅडेन्सला काढायचे तर क्रँकवर साधारण 26.5 न्यूटन-मीटर लागतात. तेच 250 वॅट सुट्या मुरमावरच्या खड्या चढात 50 कॅडेन्सला काढायचे तर 48. आकडा तोच, मांड्यांवरचा भार जवळजवळ दुप्पट. कात्रजच्या डांबरावर तासभर सहज चालवणारी माणसं मुरमाच्या चढावर वीस मिनिटांत का गळतात, हे मला या गुणाकाराने कळलं. उपाय वॅट वाढवण्याचा नाही. मागे जास्त दातांची कॅसेट लावा.

स्क्रीनकडे मात्र घरी आल्यावर बघायचं. दगडांत नजर चाकाच्या पुढे हवी.

पावसाळ्याचं वेगळं सांगते, कारण आपल्याकडे वर्षातले चार महिने तोच असतो. काळ्या मातीत एसपीडीसुद्धा भरते. क्लीट आणि बॉडी यांच्यामध्ये गोळा बसतो आणि पाय अडकतही नाही, सुटतही नाही. या दिवसांत स्प्रिंग सैल ठेवा. एकाच दिशेला सुटणाऱ्या काळ्या एसएच-51 क्लीटऐवजी चंदेरी एसएच-56 लावली तर पाय वरच्या बाजूलाही ओढून सुटतो. नवशिक्यांना चिखलात हीच बरी. एका बाजूनेच क्लीट घेणाऱ्या हलक्या एसपीडी बॉडी वजन वाचवायला चांगल्या असतात, पण चिखलाच्या चढावर पाय टेकून परत अडकवताना सरळ बाजू शोधत बसावं लागतं. ग्रॅव्हलपुरत्या ठीक, टेकडीवर नकोत. घरी आल्यावर सायकल गाड्या धुणाऱ्याच्या प्रेशर पाइपखाली धरू नका. आयपीएक्स 7 चा अर्थ मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडालं तर चालेल एवढाच आहे, जोराच्या धारेबद्दल तो काहीच सांगत नाही. बादली, मग, ओलं फडकं. चार्जिंगच्या पिना कोरड्या करूनच चार्जर लावायचा.

आता हे सगळं वाचून कुणी विचारेल, मग करावं की नाही? रोडची बदलता येणारी पेडलं आधीपासून हातात असतील, बॉडी पूर्ण बसत असेल, पायांची ठेवण सेंटिमीटरच्या आत बदलत असेल आणि सायकल ग्रॅव्हल असेल, तर खुशाल करा. अशा जोडीवर मुळशीच्या मागची मातीची वाट किंवा सासवडकडची शिवारं चालवायला काही हरकत नाही. यातलं काहीही जमत नसेल, किंवा जुगाडासाठी म्हणून मुद्दाम सेकंडहँड स्पिंडल विकत घेणार असाल, तर स्पिंडल अधिक बॉडी अधिक हत्यारं यांची बेरीज एकदा करा आणि मूळची एसपीडी मीटरं कितीला पडतात ते बघा. फरक वाटतो तेवढा राहत नाही, आणि कंपनीने सांगितलेलं नसताना बॉडी बदलली की वॉरंटी जाऊ शकते.

मी ग्रॅव्हलवर आता मूळची एसपीडी मीटरं लावते. टेकडीवर जाताना ती काढून शिमानोची साधी एम520 पेडलं चढवते. ती दगडावर आपटली तरी पोटात गोळा येत नाही, आणि तिथल्या वॅटचं मला तसंही काही करायचं नसतं.

जुन्या स्पिंडलला गिऱ्हाईक मिळालं ते मूळ रोड बॉडी मी टाकून दिल्या नव्हत्या म्हणूनच. घेणाऱ्याने त्या मागितल्याच. जुगाड करणार असाल तर काढलेल्या बॉडी, त्यांच्या कॉलर आणि सील, सगळं एका पिशवीत घालून फेऱ्यांच्या कागदासकट ठेवून द्या.